"माझी माणसं ऐकतच नाहीत": एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये फौज सांभाळायला शिकताना

माझा भाचा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि माझ्या लॅपटॉपवर एज ऑफ एम्पायर्स २ या गाव वसवून फौजा लढवायच्या गेमची डेफिनिटिव्ह एडिशन खेळायला बसला. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाला, "मामा, माझी माणसं ऐकतच नाहीत!" शेजारी बसून बघितलं. बेस छान उभा केला होता त्याने, शेतं होती, २२ आर्चर म्हणजे तिरंदाज जमवले होते. समोरून कॉम्प्युटरचा एक घोडेस्वार पळत गेला आणि हे २२ च्या २२ आर्चर त्याच्या मागे धावत सुटले, थेट शत्रूच्या कॅसलखाली. मिनिटभरात सगळे संपले. त्याने त्यांना काही सांगितलंच नव्हतं, तो त्या वेळी लाकूडतोड्यांकडे बघत होता.

त्याला मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण नवीन खेळणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. तुमची माणसं ऐकतात. शेवटचं जे सांगितलं असेल ते करतात, आणि काहीच सांगितलं नसेल तर त्यांच्या स्टान्समध्ये, म्हणजे शत्रू दिसल्यावर कसं वागायचं या सेटिंगमध्ये, जे लिहिलंय ते करतात. म्हणून फौज सांभाळणं म्हणजे फटाफट बोटं चालवणं नाही, टक्कर व्हायच्या आधी प्रत्येकाला योग्य हुकूम मिळालेला असणं हे खरं काम. बोटांचा वेग हळूहळू येतो आपोआप, त्याची काळजी करू नका.

मी हा गेम हॉस्टेलवर शिकलो, विंगमध्ये सगळ्या खोल्यांतून लॅनची केबल फिरवलेली असायची आणि रात्री जेवण झालं की चार विरुद्ध चार. मूळ गेम १९९९ चा, डेफिनिटिव्ह एडिशन २०१९ ला आली, खाली जे सांगतोय ते या नव्या एडिशनबद्दल आहे. जुन्या सीडीवाल्या गेममध्ये काही सोयी नव्हत्या.

पायरी १: स्टान्स बघा, सगळ्यात आधी

कोणताही सैनिक सिलेक्ट केला की खाली चार स्टान्सची बटणं दिसतात. अ‍ॅग्रेसिव्ह, डिफेन्सिव्ह, स्टँड ग्राउंड आणि नो अटॅक. आपला सैनिक बाहेर पडतो तो अ‍ॅग्रेसिव्ह असतो, म्हणजे शत्रू दिसला की मागे लागणार, कितीही लांब. भाच्याच्या आर्चरचं नेमकं हेच झालं. डिफेन्सिव्हमध्ये थोडं पुढे जाऊन मारतो आणि परत जागेवर येतो. स्टँड ग्राउंडमध्ये जागचा हलत नाही, टप्प्यात आलं तर मारतो. नो अटॅकमध्ये समोर कोणी आलं तरी हात उचलत नाही, हा मी लपूनछपून टेहळणीला पाठवलेल्या माणसाला देतो, बाकी फार वापर नाही.

माझी सवय सांगतो. भिंतीच्या किंवा कॅसलच्या आड उभे केलेले आर्चर स्टँड ग्राउंडवर. मँगोनेल, म्हणजे दगड फेकणारं यंत्र, तर कायम स्टँड ग्राउंडवर, का ते पुढे येईल. मोकळ्या मैदानात जी फौज घेऊन मी स्वतः फिरतोय ती डिफेन्सिव्हवर. अ‍ॅग्रेसिव्ह फक्त तेव्हा, जेव्हा शत्रूच्या गावात शिरलोय, त्याचं सैन्य संपलंय आणि आता दिसेल त्याला मारायचंय. एवढं एक केलंत तरी तुमचं निम्मं सैन्य वाचेल, खरंच.

पायरी २: गट बांधा

माउसने चौकोन ओढून फौज सिलेक्ट करता येते, पण लढाईच्या धामधुमीत चौकोन ओढत बसलात तर हातात भलतंच काहीतरी येतं. म्हणून कंट्रोल ग्रुप. आर्चर सिलेक्ट करा, कंट्रोल दाबून १ दाबा, झालं, आता नुसतं १ दाबलं की तेच आर्चर हातात. १ दोनदा पटापट दाबलं तर कॅमेरा पण तिथे जातो. एका वेळी ६० पर्यंत सैनिक सिलेक्ट होतात, जुन्या गेममध्ये ४० च व्हायचे.

स्क्रीनवर एका आर्चरवर डबल क्लिक केलं तर दिसणारे सगळे आर्चर एकदम सिलेक्ट होतात, गट बांधायला हे सगळ्यात सोपं.

कुठल्या नंबरवर काय ठेवायचं हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका, बोटांना सवय लागली पाहिजे. माझ्याकडे १ वर आर्चर, २ वर घोडदळ किंवा भालेवाले, ३ वर सीज म्हणजे मँगोनेल, रॅम (इमारती फोडायचं यंत्र) वगैरे. ४ वर मॉन्क असतील तर. ५ पासून पुढे इमारती, हो, इमारती पण गटात बांधता येतात. दोन आर्चरी रेंज (आर्चर तयार होतात ती इमारत) ५ वर टाकल्या की लढाई बघता बघता ५ दाबून नवीन आर्चर लावता येतात, बेसकडे स्क्रीन न्यावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र नवीन लोक हमखास विसरतात. नवीन तयार झालेला सैनिक आपोआप गटात जात नाही. तुम्ही १ दाबून लढताय आणि मागे ११ आर्चर रेंजच्या दारात नुसते उभे आहेत असं होतं. मोहिमेवर निघण्याआधी १ दाबा, शिफ्ट धरून नवीन पोरांवर चौकोन ओढा, मग परत कंट्रोल १. प्रत्येक वेळी. शिवाय कीबोर्डवर स्वल्पविरामाची की आहे ना, ती दाबली की रिकामा उभा असलेला सैनिक सापडतो, तसाच पूर्णविरामाच्या कीने रिकामा व्हिलेजर म्हणजे गावातला कामकरी. या दोन की मी एका गेममध्ये किती वेळा दाबतो याला हिशोब नाही.

पायरी ३: नवीन सैनिक कुठे जमतात ते ठरवा

बराक किंवा रेंज सिलेक्ट करून जमिनीवर राइट क्लिक केलं की तिथे झेंडा लागतो, नवीन सैनिक तिथे जाऊन उभे राहतात. नवीन लोक उत्साहात हा झेंडा थेट शत्रूच्या दारात लावतात, म्हणजे कुमक लवकर पोचेल. तसं होत नाही. एकेक सैनिक एकटा चालत जातो आणि एकेक करून मरतो, आणि तुम्हाला कळतही नाही कारण तुम्ही लढाईकडे बघताय. झेंडा आपल्याच बाजूला लावा, कॅसलजवळ किंवा एखाद्या टेकडीवर, तिथे आठ-दहा जमले की मग एकत्र पाठवा.

टेकडीवरून आठवलं. उंचावरून खाली मारलं तर २५ टक्के जास्त डॅमेज होतं आणि खालून वर मारलं तर २५ टक्के कमी. म्हणजे सारखीच फौज असली तरी टेकडीवरचा जिंकणार, बरेचदा आरामात. मी लढाईची जागा निवडताना सगळ्यात आधी चढ-उतार बघतो. शत्रू टेकडीवर बसला असेल तर मी जातच नाही, बाजूने त्याच्या लाकूडतोड्यांवर जातो, मग त्याला खाली उतरावंच लागतं.

पायरी ४: कोण कोणाला मारतो

हे पाठच करा, फार नाहीये. भालेवाला घोड्याला मारतो, घोडा आर्चरला मारतो, आर्चर भालेवाल्याला मारतो. लांबून भाला फेकणारा स्कर्मिशर आर्चरला मारतो. मँगोनेल घोळक्याला मारतं, आणि मँगोनेलला घोडा मारतो.

किमतीत पण हे दिसतं. एक नाईट म्हणजे चिलखती घोडेस्वार ६० फूड आणि ७५ गोल्डला पडतो, स्पिअरमन ३५ फूड आणि २५ वूडला, गोल्ड नाहीच. म्हणजे एका नाईटच्या पैशात दोन भालेवाले येतात आणि गोल्ड वाचतं ते वेगळंच. म्हणून शत्रूकडे काय आहे ते आधी बघायचं, मग बनवायचं. त्यासाठी सुरुवातीचा स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, जिवंत ठेवा, पुढे पण एखादा घोडेस्वार त्याच्या गावाच्या कडेने फिरवत ठेवा. नवीन एडिशनमध्ये ऑटो स्काउटचं बटण आहे, पहिली पाच मिनिटं ते वापरायला काही हरकत नाही, नंतर मात्र स्वतः फिरवा कारण तो कुठेही घुसतो आणि मरतो.

आपल्याकडचे लोक भारतीय सिव्हिलायझेशन घेऊनच सुरुवात करतात, मला पण आवडतात. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या एक्स्पान्शनमध्ये बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर आले, आधीच्या इंडियन्सचं नाव हिंदुस्तानी झालं. राजेंद्र चोळाची कॅम्पेन आहे त्यात, जरूर खेळा. मराठे म्हणून वेगळी सिव्हिलायझेशन नाही याचं वाईट वाटतं. पण लक्षात ठेवा, या चौघांकडेही नाईट नाहीत, उंट, हत्ती, हलकं घोडदळ असं वेगळंच सामान आहे. नाईट कसे वापरायचे हे कुठे वाचून आलात आणि द्रविडियन घेतले तर गोंधळ होईल. अगदी पहिले काही गेम ब्रिटन्स घ्या, आर्चर लांबून मारतात, चुकलं तर सावरायला वेळ मिळतो.

पायरी ५: टक्कर व्हायच्या आधीचे पाच सेकंद

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा तुमच्याकडे १५ आर्चर, ८ स्पिअरमन आणि २ मँगोनेल आहेत आणि सगळे एकत्र सिलेक्ट करून तुम्ही शत्रूच्या गावावर राइट क्लिक केलं. फॉर्मेशनमध्ये असतील तर सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतील, म्हणजे मँगोनेलच्या. ते ठीक आहे. पण समोर शत्रू दिसला आणि तुम्ही काहीच केलं नाही तर ते नुसते चालतच राहतात, कारण तुम्ही चाला एवढंच सांगितलंय, लढा असं सांगितलेलं नाही! शत्रू मारतोय आणि आपले लोक मार खात चाललेत, हे दृश्य प्रत्येक नवीन खेळाडूने बघितलेलं असतं.

म्हणून लांबच्या प्रवासाला साधं राइट क्लिक, पण शत्रूच्या जवळ आलात की पॅट्रोल किंवा अटॅक मूव्ह. दोन्हीची बटणं खाली आहेत, हॉटकीच्या मेन्यूत जाऊन तुमच्या डाव्या हाताला सोयीची की लावून घ्या. यात सैनिक पुढे जातात आणि वाटेत जो भेटेल त्याच्याशी लढतात, शिवाय सगळे एकाच माणसावर तुटून न पडता आपापला शत्रू निवडतात. मोठ्या लढाईत हे फार कामाचं आहे.

तर शत्रू स्क्रीनच्या टोकाला दिसला, आता काय? थांबा. २ दाबा, भालेवाले पुढे. १ दाबा, आर्चर त्यांच्या मागे. ३ दाबा, मँगोनेल बाजूला. मग पॅट्रोल. या सगळ्याला पाच सेकंद लागतात, सुरुवातीला दहा लागतील. जगात पहिल्या फळीत खेळणारे जे आहेत, नॉर्वेचा द व्हायपर किंवा कॅनडाचा हेरा, त्यांचे गेम बघा, लढाईत त्यांचे हात किती फिरतात त्यापेक्षा लढाईआधी ते फौज कुठे उभी करतात ते बघा, आणि किती वेळा न लढताच मागे फिरतात ते पण. मी स्वतः त्यातूनच जास्त शिकलो.

मँगोनेल बाजूला का, तर त्याचा दगड आपल्याच लोकांना पण लागतो. हॉस्टेलच्या एका रात्री मी ३० आर्चर पुढे उभे केले होते, मागे ३ मँगोनेल, अ‍ॅग्रेसिव्हवर. शत्रूचे दोन घोडेस्वार आर्चरमध्ये घुसले, मँगोनेलनी त्यांच्यावर नेम धरला आणि माझेच निम्म्याहून जास्त आर्चर एका फेरीत गेले. तो गेम आम्ही हरलो आणि बाकीचे तिघे माझ्याशी सकाळपर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून मँगोनेल स्टँड ग्राउंडवर, एका कडेला, आणि नेम मी स्वतः देतो.

पायरी ६: लढाई सुरू झाल्यावर

आता बोटांचं काम. तीनच गोष्टी शिका, बाकीचं पुढे.

पहिली, मारा आणि मागे सरका. आर्चर साधारण २ सेकंदांनी एक बाण सोडतो, हे गेमचे सेकंद, ते आपल्या घड्याळापेक्षा भरभर जातात. म्हणजे बाण सुटला की पुढचा बाण तयार होईपर्यंत तो नुसता उभा असतो. तो वेळ पळायला वापरायचा. शत्रूवर राइट क्लिक, बाण सुटलेला डोळ्यांनी बघा, लगेच मागे जमिनीवर राइट क्लिक, दोन पावलं सरकले की परत शत्रूवर क्लिक. बाण सुटायच्या आधी मागे क्लिक केलंत तर बाण सुटतच नाही, नवीन लोकांची घाई इथे नडते. मनात "सुटला, मागे, सुटला, मागे" असं म्हणत करा, ताल सापडतो. तलवारवाल्या पायदळासमोर हे मस्त चालतं. नाईटसमोर चालत नाही, घोडा आर्चरपेक्षा खूप वेगात येतो, तिथे पळण्यात अर्थ नाही, भालेवाल्यांच्या मागे किंवा कॅसलखाली जा.

दुसरी गोष्ट, एकावर सगळे की वाटून, हे डोक्यात ठेवा. क्रॉसबो म्हणजे आर्चरची पुढची पायरी, त्यांचे बाणांचे दोन अपग्रेड झालेले असतील, फ्लेचिंग आणि बॉडकिन अ‍ॅरो, तर एका बाणाने चिलखत न वाढवलेल्या नाईटची ५ हेल्थ जाते. नाईटची हेल्थ १००. म्हणजे २० क्रॉसबोनी एकाच नाईटवर बाण सोडले आणि सगळे लागले तर एका फेरीत एक नाईट खलास. म्हणून नाईट आले की २० जणांना एकेका नाईटवर लावा. पण समोर साधे आर्चर असतील तर? त्यांची हेल्थ ३०, फ्लेचिंगवाल्या आर्चरचे ६ बाण पुरतात. तिथे २० जण एकावर लावले तर १४ बाण फुकट. तिथे सहा-सात जणांच्या तुकड्या करा, नाहीतर पॅट्रोल देऊन सोडून द्या, ते आपसात वाटून घेतात.

तिसरी, मँगोनेलचा दगड चुकवणं. दगड सुटतो तेव्हा जिथे नेम धरला तिथेच पडतो, तुम्ही तिथून हललात तर तो रिकाम्या जमिनीवर पडतो. दगड हवेत दिसतो. दिसला की फौजेचे दोन भाग करून एक डावीकडे एक उजवीकडे, किंवा फॉर्मेशनमध्ये जे दोन भागात फुटायचं बटण आहे ते वापरा, मधून रस्ता मोकळा होतो. जमलं नाही तर निदान एका दिशेला तरी हला. आणि तुमच्याकडे दोन-तीन घोडेस्वार असतील तर सरळ मँगोनेलवर सोडा, फार जवळ आलेल्याला त्याला मारताच येत नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. बाण त्याला जवळजवळ लागतच नाहीत म्हणून कॅसलवर रॅम न्यायचे, पण तलवारवाला पायदळ आला की रॅम लगेच मोडतो, तेव्हा सोबत आपली माणसं हवीतच. पायदळाला रॅमच्या आत बसवता येतं, रॅम जोरात चालतो आणि तो मोडला की माणसं जिवंत बाहेर पडतात.

पायरी ७: मागे फिरायला शिका

हे कोणी शिकवत नाही. हरत चाललेली लढाई लढत राहू नका. ८ आर्चर वाचले असतील तर ते ८ घरी आणा, पुढच्या १० मध्ये मिळवले की १८ होतात. कॅसलमध्ये २० जण मावतात, टाउन सेंटरमध्ये (गावाची मुख्य इमारत) १५, आत बसलेले हळूहळू बरे पण होतात आणि आर्चर आत असले की इमारतीतून जास्त बाण सुटतात. पाठलाग करणारा शत्रू तुमच्या कॅसलखाली येतो, आणि तो नवीन असेल तर त्याचे सैनिक पण अ‍ॅग्रेसिव्हवर असतात, मग काय होतं ते भाच्याच्या गोष्टीत वाचलंतच.

पळताना शिफ्ट वापरा. शिफ्ट धरून तीन-चार ठिकाणी राइट क्लिक केलं तर फौज त्याच क्रमाने जाते, म्हणजे जंगलाला वळसा घालून, शत्रूचा टॉवर टाळून घरी. एकच क्लिक केलंत तर जवळचा रस्ता धरतील, आणि जवळचा रस्ता टॉवरखालूनच जात असतो.

पायरी ८: लढाईत घर विसरू नका

लढाई बघायला आवडते, मला पण आवडते, तलवारींचा आवाज येतो, नजर हटत नाही. पण तेवढ्यात टाउन सेंटर रिकामं बसलेलं असतं. एक व्हिलेजर २५ सेकंदात होतो आणि ५० फूडला पडतो, तुम्ही गेमच्या घड्याळाने दोन मिनिटं लढाई बघत बसलात तर एका टाउन सेंटरमागे चार-पाच व्हिलेजर कमी झाले. फौज एकदा पॅट्रोलवर लावली, की एच दाबून टाउन सेंटर, व्हिलेजर लावा, ५ दाबून आर्चर लावा, मग १ दोनदा दाबून परत लढाईवर. तीन सेकंद. हे करताना दोन आर्चर जास्त मेले तरी चालेल, मनापासून सांगतो, चालेल. बरोबरीच्या खेळाडूंमध्ये ज्याच्याकडे दुसरी फौज आधी तयार होते तो जिंकतो.

सराव कसा करायचा

पूर्ण गेम खेळून हे शिकायला वेळ लागतो कारण लढाई येईपर्यंतच अर्धा तास जातो. त्यापेक्षा गेममध्ये आर्ट ऑफ वॉर नावाचे छोटे धडे आहेत ते करा, आणि अगदीच नवीन असाल तर त्याआधी विल्यम वॉलेसची कॅम्पेन, ती शिकवण्यासाठीच आहे. त्यानंतर सिनॅरिओ एडिटर उघडा. सपाट मैदान घ्या, एका बाजूला तुमचे १० आर्चर, समोर कॉम्प्युटरचे ५ तलवारवाले, आणि टेस्ट करा. लढाई अर्ध्या मिनिटात संपते, परत सुरू करायची. एका संध्याकाळी ४० वेळा होते. एकही आर्चर न गमावता जिंकलात की तुमचे ९ करा, मग ८. जमलं की मधे एक टेकडी टाका, मग समोर एक मँगोनेल ठेवा. कॉम्प्युटरशी पूर्ण गेम खेळताना मॉडरेटपासून सुरू करा, लागोपाठ तीन जिंकलात की हार्ड.

भाचा सुट्टी संपून घरी गेला. परवा रात्री त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला, मैदानात पाच तलवारवाले आडवे पडलेले आणि त्याचे सात आर्चर उभे, सातच्या सात. खाली लिहिलं होतं, "मामा, आता सहा."